औरंगपुऱ्यातली बाग : परागवाहकांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरच्या बागेसाठी रोप निवडताना बहुधा फुलाचा रंग, आकार आणि किंमत एवढेच पाहिले जाते. त्या रोपापासून मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग यांना मकरंद, पराग किंवा अळ्यांसाठी पाला मिळतो का, हा प्रश्न मागे राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यासारख्या दाट वस्तीत जुन्या वाड्यांची अंगणे गेली आणि बाग गच्चीवर, गॅलरीत किंवा जिन्याच्या कडेला आली. मोजक्या कुंड्यांत काय लावायचे हे ठरवायचे असल्यामुळे इथे चुकीच्या समजुती जास्त महागात पडतात.

पहिला गोंधळ ‘देशी’ या शिक्क्याचा. भारतातले कोणतेही झाड महाराष्ट्रात कुठेही देशीच, असे धरून चालले जाते. सुरंगी सह्याद्रीची, सीता-अशोक ओलसर सदाहरित जंगलातला. दोन्ही भारतीय, पण मराठवाड्याच्या कोरड्या पठारावर दोघांनाही सावली आणि पाणी देऊन जपावे लागते. संभाजीनगरला वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो. बेसाल्टच्या या डोंगररांगांवरचे मूळ जंगल शुष्क पानझडी. त्यातली झाडे म्हणजे पळस, बहावा, पांगारा, धायटी, मुरुडशेंग, निरगुडी, तरवड, बोर. या भागातले कीटक याच फुलांवर वाढलेले आहेत. उलट, आपलीच वाटणारी कितीतरी झाडे बाहेरची आहेत. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा, गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली.

म्हणून बाहेरचे सगळेच उपटून टाकावे, हा निष्कर्षही बरोबर नाही. मध्य अमेरिकेतून आलेली एकदांडी रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत उगवते आणि तिच्या इवल्याशा पिवळ्या फुलांवर लहान मधमाश्या व फुलपाखरे सतत बसलेली असतात. ज्या सीताफळासाठी दौलताबादचा परिसर ओळखला जातो, तेही अमेरिका खंडातून आलेले. त्याचे परागीभवन बारीक भुंगेरे करतात. बाहेरच्या झाडाबाबत दोन गोष्टी तपासाव्या लागतात : ते माजून आसपासची झाडे मारते का, आणि त्याच्या फुलात कीटकांना अपायकारक काही आहे का. घाणेरी या पहिल्या कसोटीवर नापास होते. तिच्यावर फुलपाखरे भरपूर येतात, त्यामुळे ती ‘फुलपाखरांचे झाड’ म्हणून विकली जाते. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणलेले हे झुडूप आज देशभरच्या जंगलांत पसरले आहे. त्याची फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. गच्चीवरची एक कुंडीही त्याला पुरते. दुसऱ्या कसोटीवर स्पॅथोडिया, म्हणजे पिचकारीचे झाड, नापास होते. मूळच्या आफ्रिकेतल्या या झाडाची फुले झळाळत्या केशरी रंगाची असतात, पण ब्राझीलमध्ये त्या फुलांत मेलेल्या डंखविरहित मधमाश्या आढळल्या आहेत. मधमाश्यांसाठी म्हणून हे झाड लावणे पूर्ण चूक आहे.

भरगच्च फूल म्हणजे जास्त मध, ही समजूत तर रोपवाटिकेतच पक्की होते. डबल जास्वंद, डबल तगर यांत पाकळ्यांची संख्या वाढते ती बहुतेक पुंकेसरांचेच रूपांतर होऊन, तर गेंदेदार झेंडूत मधल्या बारीक नळीफुलांची जागा पाकळीसारखी फुले घेतात. पराग कमी होतो आणि उरलेल्या भागापर्यंत कीटकाची सोंड पोहोचत नाही. बोगनवेलीचा जांभळा-गुलाबी भाग तर फूल नव्हेच. ती रंगीत पाने आहेत. खरे फूल त्यांच्या मधोमध, पांढरट, बारीक नळीसारखे असते. याउलट तुळशीची मंजिरी डोळ्यांत भरत नाही, पण मोठ्या मधमाशीपासून बारीक फुलोरी माशीपर्यंत अनेकांना ती मकरंद देते. रोप डेरेदार व्हावे म्हणून मंजिऱ्या खुडण्याची पद्धत आहे. निम्म्या खुडाव्यात, निम्म्या फुलू द्याव्यात. सब्जा, कोथिंबीर आणि बडीशेपही तशीच. कोथिंबीर फुलावर आली की ती उपटली जाते, वास्तविक तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर येणाऱ्या कित्येक फुलमाश्यांच्या अळ्या मावा खातात.

परागीभवन म्हणजे मधमाशी आणि मधमाशी म्हणजे पोळे, हे समीकरण अपुरे आहे. आग्या, सातेरी आणि फुलोरी या पोळी बांधणाऱ्या आपल्या माश्या खऱ्या, पण जगात मधमाश्यांच्या कुळातल्या सुमारे 20,000 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्याने राहतात. बहुसंख्य जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात. तरवडाच्या पिवळ्या फुलाजवळ थोडा वेळ थांबले तर फरक कळतो. तरवडाचे परागकोश उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. काळा, गलेलठ्ठ भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपाने पराग मिठाच्या डबीतून पडावेत तसे त्या छिद्रांतून झडतात. आवाजही बदलतो, उडतानाची गुणगुण जाऊन तीक्ष्ण भुणभुण ऐकू येते. वांगे आणि टोमॅटो यांची फुलेही याच जातकुळीची. पोळ्यातल्या मधमाशीला हे तंत्र जमत नाही. भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एकट्या माशीला जमते. गच्चीवर वांगी लावणाऱ्यांनी शेजारी तरवडाची एक मोठी कुंडी ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. रात्रपाळीचे परागवाहकही विसरता येत नाहीत. पांढरा, सुवासिक, सूर्यास्तानंतर उमलणारा पारिजातक हा लांब सोंडेच्या पतंगांसाठी फुलतो.

फुलपाखरांना फक्त फुले हवीत, हा गैरसमज सर्वांत नुकसानकारक म्हणावा लागेल, कारण त्यापायी त्यांची पिल्ले मारली जातात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंत लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. ते मुख्यतः सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातले. औरंगपुऱ्यातल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीवर त्याची भावंडे, लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन, येतात. त्यांची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी-तांबडी दुबेळकी शिंगे काढून उग्र वास सोडते. ती चार पाने खाते. निरोगी झाड ती पाने पुन्हा काढते. कण्हेर याहून नवलाची. तिच्या फुलांत मकरंद नसतो, पण तिची विषारी पाने कॉमन क्रो या तपकिरी फुलपाखराच्या अळीचे अन्न आहेत, आणि पानाखाली लटकलेला तिचा कोष पॉलिश केलेल्या चांदीसारखा चकाकतो. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ वाहतात, त्या रुईवर प्लेन टायगर वाढते आणि रुईचे विष अंगात साठवून पक्ष्यांपासून बचावते. अर्थात रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे आणि कण्हेर पोटात गेल्यास जीवघेणी ठरू शकते. लहान मुले असलेल्या घरात ही दोन्ही हाताला लागणार नाहीत अशा जागीच ठेवावीत.

देशी रोप लावले की काम झाले, असेही नाही. रोपावर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथॉक्झामसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक दिले असेल तर ते मुळापासून मकरंदापर्यंत पोहोचते. युरोपीय संघाने 2018 मध्ये या दोहोंसह क्लोथियानिडिनचा उघड्यावरचा वापर मधमाश्यांसाठीच बंद केला. वनस्पतिजन्य म्हणून निंबोळी तेल निर्धोक, हेही अर्धसत्य आहे. त्यातला अॅझाडिरॅक्टिन फुलपाखरांच्या अळ्यांची वाढ रोखतो. मावा फार झाला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. निंबोळी वापरायचीच तर सूर्यास्तानंतर, फुले आणि अळ्या टाळून.

फुलझाडे लावली की आग्या मोहोळ घरावर येईल, ही भीती अजिंठ्यासारख्या ठिकाणच्या हल्ल्यांच्या बातम्यांनी वाढते. आग्या माश्या कडे, उंच झाडे आणि उंच इमारती निवडतात आणि पोळे डिवचले गेले की तुटून पडतात. फुलावर मध गोळा करणारी माशी चिरडली किंवा पकडली नाही तर सहसा डंख करत नाही.

‘देशी झाडांना पाणी लागत नाही’ हे नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ऐकायला बरे वाटते. तरवड, निरगुडी, कोरांटी जमिनीत मुळे धरल्यावर खरोखर कमी पाण्यावर तगतात, पण पहिला उन्हाळा त्यांना नियमित पाणी द्यावे लागते, आणि कुंडीत तर कायमच. अंगण शिल्लक असेल तर ते सगळे पेव्हर ब्लॉकने झाकू नये. उन्हातला हातभर मोकळा मुरूम जमिनीत राहणाऱ्या माश्यांना पुरतो.

एकाच मोसमात सगळे फुलवण्यापेक्षा वर्षभर काहीतरी फुलत राहणे जास्त मोलाचे. हिवाळ्यात कोरांटी आणि अडुळसा, उन्हाळ्यात दारचा कडुनिंब किंवा बहावा, पावसाळ्यात तेरडा आणि तीळ, आणि जवळजवळ बारमाही तरवड व तुळस, एवढी जोडणी गच्चीवाल्या घरालाही कडुनिंब-बहावा शेजारच्या रस्त्यावर धरून साधते. अशी रोपे शोभेच्या रोपवाटिकांत कमी मिळतात. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत चौकशी करावी, आणि रोप घेण्याआधी त्यावर काय फवारले आहे हे विचारावे. डोंगरातली रोपे मात्र उपटून आणू नयेत. तरवडाच्या वाळलेल्या शेंगा रस्त्याकडेला सहज मिळतात. बी कठीण कवचाचे असल्याने गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे आणि पहिल्या पावसाच्या सुमारास पेरावे.