दोन काळ, दोघी आणि एक पत्रव्यवहार

आजच्या नायिकेला जुने कागद सापडतात, त्यांतून दीडशे वर्षांपूर्वीची एक बाई बोलू लागते आणि दोघींचा धागा जुळतो. दोन काळांत चालणाऱ्या कादंबऱ्यांचा हा साचा वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. १९९०चं बुकर पारितोषिक मिळवणारी ए. एस. बायट यांची 'पझेशन' याच साच्यातली. पण ती वाचकाला नुसतं रहस्य देत नाही, कामाला लावते.

१९८६ साली लंडन लायब्ररीतल्या एका पुस्तकात रोलंड या संशोधकाला रँडॉल्फ अ‍ॅश या व्हिक्टोरियन कवीच्या पत्रांचे कच्चे खर्डे मिळतात. माग काढत तो लिंकनला, मॉड बेलीकडे पोचतो. ती पत्रं जिला लिहिली होती, त्या क्रिस्टाबेल लामॉट या कवयित्रीची मॉड अभ्यासक. हे दोन्ही कवी काल्पनिक. त्यांच्या नावावरच्या कविता बायट यांनीच रचल्या आहेत.

क्रिस्टाबेल लग्न न करता एका चित्रकार मैत्रिणीबरोबर राहते. तिचा एकांत म्हणजे नुसती लहर नाही. इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क मिळाला तो १८८२च्या कायद्यानं. क्रिस्टाबेल अ‍ॅशच्या प्रेमात पडते ती त्याच्या कितीतरी आधी, १८५९च्या सुमारास. मॉडकडे पदवी, नोकरी, पगार सगळं आहे. तरीही ती आपले सोनेरी केस रुमालाखाली झाकून ठेवते आणि प्रेमापासून चार हात लांब राहते. कायदे बदलले, पण जवळ येणारा माणूस आपल्यावर मालकी सांगेल, ही धास्ती दोघींनाही सारखीच आहे.

वाचताना पुष्कळजण कविता गाळतात. तसं करू नका. संशोधकांच्या आधी तुम्हाला सुगावा लागतो तो तिथेच. अ‍ॅशची पत्नी एलेन हिची रोजनिशीही सावकाश वाचा. तिनं काय लिहिलं याइतकंच काय लिहायचं टाळलं, हेही महत्त्वाचं आहे.

उपसंहारात १८६८चा एक छोटा प्रसंग येतो. तो कुठल्याच कागदावर नोंदलेला नाही, त्यामुळे रोलंड-मॉडला तो कधीच कळणार नाही. कळतो फक्त वाचकाला. पत्रं आणि रोजनिश्या कितीही जमवल्या तरी माणसाचं आयुष्य त्यांत पुरतं सापडत नाही, हे बायट इथे दाखवून देतात. दोन काळांच्या कादंबरीकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. निव्वळ नात्यांचा उलगडा करून थांबणारी कादंबरी अर्धीच म्हणायची.