फोनचा विमा घेताय? आधी तो विमा आहे का ते बघा

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित भाग. मधली बडबड थोडी कापलीय.

आजच्या विषयात चूक माझीच आहे. आमच्या खारदांड्यात शेजारी एक मावशी आहेत, मासळी विकतात. त्यांचा फोन मीच ऑनलाइन मागवून दिला. पैसे भरताना खाली एक चौकोन होता, 'फोन सुरक्षित करा, फक्त ९९९'. केलं टिक. सात महिन्यांनी फोन मासळीच्या टबात पडला. बर्फाचं पाणी, त्यात मीठ. क्लेम नाकारला, कारण मी घेतली होती ती एक्स्टेंडेड वॉरंटी. गिऱ्हाइकांचे नंबर, यूपीआय, सगळं त्याच फोनमध्ये. मावशी एवढंच म्हणाल्या, "तू तर कॉम्प्युटरवाला ना रे?"

तर बघा. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे फोन आपोआप बिघडला तर दुरुस्ती, तीसुद्धा बहुतेक वेळा कंपनीची पहिली वॉरंटी संपल्यावर सुरू होते. पडला, भिजला, फुटला यासाठी डॅमेज कव्हर लागतं. चोरीचं त्याहून वेगळं. तिन्ही विकताना नाव मात्र एकच, 'प्रोटेक्शन'.

दुसरं म्हणजे पैसे कोण देणार? ॲपवर जिचं नाव मोठं दिसतं ती कंपनी अनेकदा नुसती मधली असते. खरा विमा एखाद्या विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून येतो. कागदावर विमा कंपनीचं नाव आणि आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक शोधा. सापडला नाही, तर तो बहुधा नुसता सेवा करार आहे.

'माझा फोन आयपी६८ आहे, पाण्याचं कव्हर कशाला?' हे मित्रांकडून फार ऐकतो. ती चाचणी गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. सील जुनं होतं, खारं पाणी चार्जिंगचं पोर्ट खातं, आणि आयपी६८ असला तरी पाण्याने झालेलं नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. समुद्राकाठी राहणाऱ्याने लिक्विड डॅमेजची ओळ आधी वाचावी.

चोरीत खरी मेख आहे. बऱ्याच पॉलिसींना जबरदस्ती किंवा कुलूप तोडल्याचा पुरावा लागतो. अंधेरीच्या गर्दीत खिशातून अलगद गेला, तर तो 'हरवला' धरतात आणि हरवणं वगळलेलं असतं. मुंबई पोलिसांच्या साइटवरची हरवल्याची नोंद म्हणजे एफआयआर नाही, हे लक्षात ठेवा. विमा असो-नसो, संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक करा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

आता हिशेब. समजा फोन २०,००० चा, दहा महिन्यांनी चोरीला गेला. घसारा २५ टक्के धरला तर उरले १५,०००. त्यातून तुमच्या वाट्याचे १,००० वजा, हातात १४,०००. स्क्रीनचा खर्च ६,००० आणि तुमचा वाटा १,००० असेल, तर १,५०० चा प्रीमियम पटतो. पण १०,००० च्या फोनला, जिथे स्क्रीन दोनेक हजारात बदलते, मी तरी विमा घेणार नाही.

क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्ष. मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, म्हणजे आपल्याला रिक्षाच्या अंतरावर. सेवा करार असेल तर मात्र हे दार बंद, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मावशींचं तेच झालं. १९१५ वर तक्रार घातलीय, ९९९ अजून आलेले नाहीत. दुरुस्तीचे पैसे मी दिले. नंबर परत मिळाले, फोटो गेले.