घाटातली वाफ आणि कॅमेरा

वाफेच्या आगगाडीचे छायाचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या धुराचा लोट उभा राहतो. हौशी मंडळी दार्जिलिंगला किंवा रेवाडीला जाऊन जतन केलेली जुनी इंजिने टिपतात, आणि धूर जितका काळा तितके चित्र झकास, असे मानतात. आमच्या मते घोटाळा होतो तो येथेच. काळा धूर म्हणजे कोळसा नीट न जळल्याची खूण. भट्टीला हवा कमी पडली, अगर एकदम फार कोळसा लोटला, की तो निघतो. हात बसलेल्या फायरमनच्या धुराड्यातून तो फारसा दिसत नसे. कॅमेरेवाल्यांसाठी मुद्दाम काळा धूर काढावयास लावणे म्हणजे सुगरणीला भाकरी करपवावयास सांगणेच होय.

टिपावयाची ती वाफ. सिलिंडरात दट्ट्याला ढकलून झाले की वाफ धुराड्यातून उसळते, आणि जाता जाता भट्टीत हवा ओढून विस्तव फुलवते. त्यामुळे चढ जितका खडा, तितका इंजिनाचा श्वास जोराचा. उतारावर ती सोडलेलीच नसते. तेथे उभे राहणाऱ्याच्या पदरी नुसते लोखंड पडते. आणखी एक मौज अशी की, खरी वाफ दिसतच नाही. आपल्याला दिसतात ते थंड हवेत तिचे झालेले सूक्ष्म जलबिंदू. एप्रिलच्या दुपारी ते तेव्हाच विरतात. पौषातल्या दहिवराच्या सकाळी तोच पांढरा लोट मागच्या डब्यांवर रेंगाळतो, आणि ऊन त्याच्या पाठीमागून आले तर उजळून निघतो.

खडा चढ आणि गार सकाळ! या दोन्ही गोष्टी आपल्या बोरघाटाइतक्या दुसरीकडे कोठे एकत्र मिळणार? १८५६ साली सुरू झालेले घाटाचे काम संपून २१ एप्रिल १८६३ रोजी हा मार्ग खुला झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढण, आणि काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट असा चढ. खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन होते. तेथे गाडी थांबे, इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला येई, आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. थबकलेली गाडी आणि पुन्हा जोर करणारे इंजिन. छायाचित्रकाराने याहून अधिक काय मागावे?

पण ते चित्र घेणारा तेथे क्वचितच असे. घाट बांधला जात असताना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्यानंतर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे चालविले. या बाई छायाचित्रेही काढीत, आणि घाटाच्या कामाची चित्रे त्यांनी घेतली. त्या काळी काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच धुवावे लागे. क्षणभराने भागत नसे, कित्येक सेकंद लागत. धावते इंजिन त्यात सापडणे शक्यच नव्हते. पुढे चपळ कॅमेरे आले, पण ते मोजक्याच घरांत. आणि १९२९ साली नव्या मार्गाने रिव्हर्सिंग स्टेशन सुटले, विजेची इंजिने आली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी प्रथमपासून विजेवरच घाट चढली.

चपळाईचा हिशेब सोपा आहे. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे १४ सेंटिमीटर सरकते, पाचशेव्या भागात दोनाहूनही कमी. बाजूने टिपताना हा फरक फार जाणवतो. गाडी तिरकी समोर येत असेल तर कमी. चाकांना जोडणारे दांडे खाली आलेले असतानाच कळ दाबावी, म्हणजे यंत्र मोकळे दिसते. रुळांत मात्र उतरू नये. तो रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ तर आहेच.

जवळ पाहावयाचे असेल तर नेरळला माथेरानचे जुने इंजिन उभे आहे. १९०७ साली सुरू झालेल्या त्या छोट्या मार्गावर वाफ १९८०च्या दशकापर्यंत टिकली. आमच्या घाटात आज कर्जतला मागून जोडलेली इंजिने गाडी ढकलीत लोणावळ्यास आणतात. तेही टिपून ठेवावे. अमृतांजन पूल (तो रेल्वेचा नव्हे, रस्त्याचा, १८३० सालचा) एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, तेव्हा अनेकांच्या लक्षात आले की आपल्याजवळ त्याचे एकही धड चित्र नाही.

मावळात व लोणावळ्यात अनेक घरांतले पणजोबा रेल्वेत होते. एखाद्या पेटीत इंजिनापुढे उभ्या असलेल्या चारपाच माणसांचे पिवळे पडलेले चित्र असेल, तर इंजिनाचा नंबर भिंगाने वाचून पहा. घरात नावे सांगणारे कोणी अजून असेल, तर ती विचारून, पेन्सिलीने, मागच्या बाजूस लिहून काढा. हे काम या उन्हाळ्यातच करावे.