मायन्यावरून कळणारे राज्य

प्राचीन इजिप्त म्हटले की पिरॅमिड आणि ममी डोळ्यांपुढे येतात. पण शेजाऱ्यांशी त्या राज्याचे कसे चालत असे, हे कळते मातीच्या लहानलहान पाट्यांवरून. १८८७ मध्ये नाईलकाठी अमर्ना येथे, अखेनातेन राजाच्या राजधानीच्या अवशेषांत, त्या सापडल्या. इ.स.पूर्व चौदाव्या शतकातली ही पत्रे. तीही बहुतेक इजिप्तच्या भाषेत नव्हेत, तर बॅबिलोनकडच्या अक्कदीत. मराठे दरबार परदरबारांशी फारसीत लिहीत, तसेच हे.

बॅबिलोन, मितन्नी, हित्ती इथले राजे इजिप्तच्या राजाला ‘भाऊ’ म्हणतात आणि सोने मागतात, तेही अगदी निःसंकोच. कनानमधले मांडलिक मात्र सात-सात वेळा पाया पडतात. मायना वाचला की कोण कुठल्या पायरीवर उभा आहे ते कळते. बॅबिलोनचा बुर्नाबुरियाश तर रुसला आहे: मी आजारी पडलो, भावाने विचारपूसही केली नाही! (आम्हा डॉक्टरांना ही तक्रार ओळखीची.) इजिप्त फार लांब आहे, बातमी पोचलीच नसेल, अशी पुढे त्याची समजूत घातली गेली.

आता आपल्या माळव्याकडे येऊ. अहिल्याबाईंच्या काळात महेश्वर दरबारच्या बातम्या पुण्याला नियमित जात. पुढे यशवंतराव होळकर १८०५ मध्ये मदत मागायला थेट रणजितसिंगांकडे पंजाबात गेले. कोणाशी बोलायचे, हे तोवर होळकरच ठरवीत होते.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई हरली आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. गादीवर अल्पवयीन मल्हारराव. वाटाघाटी केल्या तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे यांनी. खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत राजांवरचे हक्क गेले. पुस्तके हेच मोजतात. मला त्याहून जड वाटते ते दुसरे कलम: रेसिडेंटची माहिती आणि संमती असल्यावाचून होळकरांनी दुसऱ्या कोणत्याही राज्याकडे वकील पाठवू नये, तिथला ठेवून घेऊ नये, पत्रव्यवहारही करू नये.

धारचे पवार, देवासचे पवार, उज्जैनचे शिंदे; सगळे घोड्यावरून एक-दोन मजलांवर. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, भांडणेही घरातल्यासारखी. बॅबिलोनच्या राजाला दूरच्या भावावर रुसता तरी येत होते. इथे शेजारच्या दरबारी लिहायचे तरी वाटेत तिसरा बसलेला. तात्या जोगांना यासाठी दोष द्यावा असे मला वाटत नाही. हरलेल्या बाजूने बोलताना त्यांनी गादी राखली, हेच पुष्कळ. त्याच वर्षी आपल्या मानपुरच्या उत्तरेला, महूला, इंग्रजांची छावणी पडली.