बापाचं नाव सांगणारं यंत्र

नोव्हेंबर १९२८. फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या विज्ञानसंस्थेत पितळेच्या सुट्या भागांचा एक ढीग येऊन पोहोचला. चाकं, तरफा, चकत्या आणि त्यांच्यात एक मोडकी बाहुली. शहरातल्या ब्रॉक नावाच्या एका श्रीमंत घराण्याच्या वारसांनी ती भेट दिली होती. कधीतरी आगीत सापडल्याच्या खुणा अंगावर स्पष्ट दिसत होत्या. ही बाहुली मेल्झेलने बनवली, असं त्या घरात सांगत आले होते. मेल्झेल म्हणजे तोच, ज्याचं नाव गाण्याच्या शिकवणीतल्या टिकटिकणाऱ्या मेट्रोनोमला चिकटलेलं आहे.

संस्थेतल्या एका कारागिराने धीराने सगळे भाग जुळवले, स्प्रिंगला चावी दिली, बाहुलीच्या हातात लेखणी दिली. आणि तिची मान वळली, हात हलला, कागदावर रेघा उमटू लागल्या. एक जहाज, एक चिनी मंदिर, मग वळणदार अक्षरात कविता. चार चित्रं आणि तीन कविता तिला ‘पाठ’ होत्या. आणि शेवटच्या कवितेच्या समासात त्या बाहुलीने फ्रेंचमध्ये लिहून टाकलं, की हे लिखाण मायार्दे यांच्या यंत्राचं आहे.

विचार करा. सव्वाशे वर्षांत तिचा जन्मदाता कोण हे माणसं पार विसरली होती. भलत्याच माणसाचं नाव बाप म्हणून लागलं होतं. आणि ती चूक दुरुस्त कोणी केली? स्वतः बाहुलीने. १८००च्या सुमारास लंडनमध्ये काम करणाऱ्या आँरी मायार्दे या स्विस घड्याळजीने तिच्या पोटात आपली सही जपून ठेवली होती.

मुलांच्या कादंबरीत कोणी हा प्रसंग लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, छान आहे, पण जरा जास्तच जुळवून आणलंय. पुढे कादंबरी आलीच. ब्रायन सेल्झनिक या अमेरिकन चित्रकार-लेखकाचं ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ २००७ साली प्रसिद्ध झालं. काळ १९३१, गाव पॅरिस. बारा वर्षांचा ह्यूगो रेल्वे स्टेशनच्या भिंतींआड, कोणाच्या नजरेस न पडता राहतो आणि स्टेशनवरची घड्याळं चालू ठेवतो. वडील घड्याळजी होते, संग्रहालयाच्या आगीत गेले. सांभाळणारा दारुडा काका एक दिवस परतलाच नाही. ह्यूगोकडे उरलंय काय? वडिलांना संग्रहालयाच्या माळ्यावर सापडलेली एक मोडकी, लिहिणारी यांत्रिक आकृती, आणि तिच्या दुरुस्तीची वडिलांनी चित्रं काढून भरलेली वही. हे यंत्र चालू झालं तर ते वडिलांचा निरोप लिहील, अशी त्या पोराची खात्री आहे. म्हणून तो स्टेशनवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून बारीकसारीक भाग चोरतो. दुकानदार एक चिडका म्हातारा.

यंत्राला पाठ असतं म्हणजे नक्की काय असतं? बाहुलीच्या खालच्या पेटीत पितळेच्या चकत्यांची चवड असते. चकत्या गोल, पण कडा वेड्यावाकड्या. कुठे उंचवटा, कुठे खळगा. त्या कडांना पोलादी बोटं टेकलेली असतात. चकती फिरते तशी बोटं वरखाली होतात आणि ती हालचाल तरफांमधून थेट हातापर्यंत पोहोचते. एक बोट हाताला डावी-उजवीकडे नेतं, दुसरं पुढे-मागे, तिसरं लेखणी कागदावर टेकवतं नि उचलतं. घाटातून जाणाऱ्या एसटीतला प्रवासी आठवा. तो स्वतःहून काहीच करत नाही, तरी त्याच रस्त्यावर, त्याच वळणाला, दर वेळी त्याच बाजूला कलंडतो. त्याच्या हातात पेन्सिल दिली तर घाटाचा नकाशाच कागदावर उतरेल! मायार्देने असे घाट पितळेत कानशीने घासून काढले. एक फेरी संपली की चकत्यांची चवड किंचित बाजूला सरकते आणि बोटं पुढच्या कडेवर जाऊन बसतात. वीज नाही, संगणक नाही. जहाजाची शिडं, डोलकाठ्या, दोर, सगळं त्या कडांमध्ये.

मायार्दे या विद्येत एकटा नव्हता. त्याच्या आधी, १७७० च्या दशकात, स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घराण्याने लिहिणारा मुलगा बनवला होता. तो टाक दौतीत बुडवतो, जादाची शाई झटकतो आणि डोळ्यांनी अक्षरांमागे फिरतो. सुमारे सहा हजार भाग आणि चाळीस अक्षरांपर्यंत हवा तो मजकूर. तो आजही न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे.

आता त्या चिडक्या म्हाताऱ्याकडे येऊ. सेल्झनिकने त्याला कल्पनेतून उभं केलेलं नाही. १९२०च्या दशकात पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवर खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटं विकणारा एक म्हातारा खरोखरच बसत असे. त्याचं नाव जॉर्ज मेलिएस, आणि चंद्रावरचा प्रवास पडद्यावर पहिल्यांदा रंगवून दाखवणारा माणूस तो हाच! गिऱ्हाइकांना काय कल्पना, की समोरून सुटे पैसे मोजून देणाऱ्या या माणसाने पाचशेहून जास्त सिनेमे काढलेत.

मेलिएस मूळचा चपला-बुटांच्या घरातला. वडिलांचा उंची बूट बनवण्याचा कारखाना होता. त्याचं मन मात्र जादूत. १८८८ साली त्याने कारखान्यातला आपला वाटा भावांना विकला आणि त्या पैशांत जादूचं एक थिएटर घेतलं. रॉबेर-उदँ या घड्याळजी-जादूगाराचं हे थिएटर, आणि त्यासोबत त्याच्या यांत्रिक बाहुल्याही आल्या. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवला, तेव्हा प्रेक्षकांत मेलिएस होता. तो घरी गेला ते कॅमेरा मिळवायचाच असं ठरवून. (सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ ला, ल्युमिएरांचा तोच खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला.) मग एकदा रस्त्यावर चित्रण करताना कॅमेरा अडकला. फिल्म धुऊन पाहिली तर धावती घोडागाडी क्षणात शववाहिका झालेली. मेलिएसनेच हा किस्सा सांगून ठेवलाय. दुसरा कोणी असता तर ती फिल्म फेकून देता. जादूगाराने त्यात नवी जादू पाहिली. १९०२ च्या ‘अ ट्रिप टू द मून’मध्ये चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं यान तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलंच असणार.

आणि पुढे? धंदा बुडाला. पहिल्या महायुद्धात फ्रेंच लष्कराने त्याच्या सिनेमांच्या चारशेहून जास्त प्रती ताब्यात घेऊन वितळवल्या. फिल्मवर चांदीचा थर असतो, ती चांदी काढून घेतली. उरलेल्या सेल्युलॉइडचं काय केलं असेल? बुटांच्या टाचा! बूट-कारखान्याला रामराम ठोकून ज्याने सिनेमे काढले, त्याचे सिनेमे शेवटी बुटांत गेले. १९२३ ला त्याचं थिएटर रस्त्यासाठी पाडलं गेलं आणि त्याच वर्षी त्याने उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या. त्या काळची नायट्रेट फिल्म तर अशी, की ती बंदुकीच्या कापसाची रासायनिक बहीणच. जळायला तिला बाहेरची हवासुद्धा फारशी लागत नाही.

सेल्झनिकच्या डोक्यात गोष्ट पेटली ती यांत्रिक बाहुल्यांवरचं गॅबी वुड यांचं एक पुस्तक वाचताना. मेलिएसच्या बाहुल्या एका संग्रहालयाला दिल्या गेल्या, दमट माळ्यावर सडल्या आणि फेकल्या गेल्या, असं त्यात होतं. त्या कचऱ्यात एखाद्या मुलाला त्यातली एक सापडली असती तर? एवढ्या एका ‘तर’वर कादंबरी उभी राहिली. पुढे शोधाशोधीत फिलाडेल्फियाची बाहुलीही त्याला भेटली.

पुस्तक वाचायचं ठेवलं असेल तर हा परिच्छेद ओलांडून जा. ह्यूगोच्या यंत्राची चावी एका मुलीच्या गळ्यात असते. ती चिडक्या म्हाताऱ्याने सांभाळलेली इझाबेल, तीही अनाथच. यंत्र चालू होतं, पण निरोप लिहीत नाही. ते चित्र काढतं, डोळ्यात यान घुसलेल्या चंद्राचं, आणि खाली सही करतं: जॉर्ज मेलिएस. ह्यूगोला आपल्या बापाचं अक्षर हवं होतं. यंत्राने स्वतःच्या बापाचं नाव लिहिलं. आणि शेवटी ह्यूगोला घर मिळतं ते त्याच सहीमुळे.

ही सगळी करामत कागदावर कशी साधली तेही पाहण्यासारखं आहे. पाचशेहून जास्त पानांच्या या पुस्तकात २८४ पानं पेन्सिलीच्या चित्रांची आहेत. ती मजकुराची सजावट म्हणून येत नाहीत. गोष्टच तिथे चित्रांतून पुढे जाते. सुरुवातीला चंद्र, मग शहर, मग स्टेशन, मग गर्दीतला एक मुलगा. पान उलटलं की कॅमेरा पुढे सरकतो. मूकपट पाहताना जे घडतं ते इथे वाचकाचा अंगठा घडवून आणतो. अमेरिकेत चित्रपुस्तकासाठी दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक २००८ साली या जाडजूड कादंबरीला मिळालं. त्याआधी कादंबरीला ते कधीच मिळालं नव्हतं.

आता ऐतिहासिक कादंबरी म्हटल्यावर प्रश्न येणारच: खरं किती? मेलिएसचा पुन्हा शोध लागला तो १९३१ च्या आधीच. सिनेमावरचं नियतकालिक चालवणाऱ्या लेओं द्रुओ यांनी त्याला हुडकून काढलं आणि १६ डिसेंबर १९२९ ला पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात त्याचा मोठा सत्कारही झाला. लेखकाने काळ थोडा पुढे सरकवला, हे मला चालतं. खरी कात्री चालली आहे ती दुसरीकडे. मेलिएसला मुलगा होता, मुलगी होती, आणि एक नातही होती. कादंबरीतून ती सगळी गायब! का, ते उघड आहे. भरलेल्या घरात अनाथ मुलाला जागा कुठून मिळणार? काल्पनिक पोराला कुटुंब मिळावं म्हणून खरं कुटुंब पुसावं लागलं.

मला सर्वांत जास्त अचंबा वाटतो तो या पुसलेल्या नातीचा, मादलेनचा. मादलेनची आई १९३० साली गेली. मादलेन तेव्हा जेमतेम सात वर्षांची. ती आजी-आजोबांकडे वाढली. म्हणजे ज्या काळात कादंबरीतला ह्यूगो स्टेशनच्या भिंतींआड लपलेला आहे, त्याच काळात आई गमावलेली एक खरीखुरी मुलगी मेलिएसच्या घरात होती. १९३२ पासून आजोबांबरोबर ती ओर्लीला, सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात राहिली. मेलिएस १९३८ ला गेले. आणि मोठी झाल्यावर या नातीने काय केलं? जगभर फिरून, संग्रहालयं आणि संग्राहक गाठून आजोबांचे हरवलेले सिनेमे गोळा केले. ती २०१८ साली वारली. आज दोनशेच्या वर सिनेमे पाहायला मिळतात, त्यात तिचा वाटा फार मोठा. ह्यूगोच्या शोधाला पाचशे पानं पुरली. हिला आयुष्य लागलं.

आपल्याकडचं काय? ह्यूगोची गोष्ट घडते त्याच १९३१ साली, १४ मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज हाती नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तुटक उरला. फाळकेही जादूचे प्रयोग करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. आडनावाचीच अक्षरं उलटसुलट करून. त्यांच्या फिल्मचे तुकडे मिळवायला पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर नाशिकला गेले नसते तर तेही उरले नसते.

आणि हे शोध संपलेले नाहीत. ‘अ ट्रिप टू द मून’ची हाताने रंगवलेली प्रत कायमची गेली असं धरून चालले होते. १९९३ ला ती बार्सिलोनात सापडली, पण फिल्म चिकटून दगड झालेली. एकेक चौकट सोडवत, जोडत ती पुन्हा पडद्यावर आली २०११ साली, कानच्या महोत्सवात. त्याच वर्षी सेल्झनिकच्या कादंबरीवरचा मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘ह्यूगो’ही आला.

२०१६ साली तर प्राग इथल्या चित्रपट संग्रहालयात एक रीळ तपासताना अभ्यासक चक्रावले. रिळावर नाव होतं मेलिएसच्या दुसऱ्याच एका सिनेमाचं. आत निघाला १९०४ चा एक जादूचा खेळ, जो जगात कुठेच उरला नाही असं सगळे समजत होते. दोन मिनिटांच्या आसपासचा सिनेमा. त्यात एक जादूगार स्वतःचेच दोन करतो, दोघांची जादूची चुरस लागते आणि शेवटी ते पुन्हा एक होतात.