वाहिनीचे आवाहन आणि वर्गणीचा जमाखर्च

दहावीचे निकाल जाहीर झाले म्हणजे ‘झी २४ तास’ ही वृत्तवाहिनी ‘संघर्षाला हवी साथ’ या नावाचा उपक्रम चालवीत आली आहे. हलाखीत राहून उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींचे घर, त्यांच्या आईबापांचे कष्ट आणि पुढील शिक्षणाचे त्यांचे मनोरथ पडद्यावर दाखवावयाचे, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या विद्यार्थ्याच्याच नावाने धनादेश काढून वाहिनीच्या मुंबईतील कार्यालयाकडे पाठवावा, असे प्रेक्षकांस आवाहन करावयाचे, अशी त्याची रीत. हिंगोली जिल्ह्यातील प्रेक्षक या आवाहनाकडे दुहेरी नात्याने पाहतो. ज्या मुलखात सोयाबीनचा किंवा हळदीचा भाव घसरला की कुटुंबाचा वर्षभराचा बेत कोलमडतो, तेथे पडद्यावर दिसणारे घर उद्या कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातील आपल्या शेजाऱ्याचे असू शकते. आणि त्याच जिल्ह्यातील शिक्षक, व्यापारी, कारकून हे यथाशक्ति रक्कम धाडणाऱ्यांतही असू शकतात. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्थेने जनतेकडे पैसे मागितले असता तिच्यावर कोणती जबाबदारी येते, हे त्यामुळे या भागातील वाचकाने विशेष निरखून पाहावयास हवे.

प्रसारणसंस्थांची मागणी दोन प्रकारची असते, आणि योगायोग असा की, दोहोंचा आरंभ अमेरिकेत एकाच महिन्यात झाला. एप्रिल १९४९ मध्ये मिल्टन बर्ल या विनोदी नटाने दूरचित्रवाणीवरून सलग सोळा तास कर्करोगनिवारणाच्या कार्यासाठी निधी मागितला, आणि ‘टेलिथॉन’ची प्रथा रूढ झाली; त्याच महिन्याच्या १५ तारखेस बर्कली येथे लुईस हिल यांनी ‘केपीएफए’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले, आणि जाहिराती नाकारून स्वतःचा खर्च श्रोत्यांच्या वर्गणीतून भागविण्याचा पण केला. पहिल्या प्रकारात व्यापारी वाहिनी दुसऱ्याच्या गरजेसाठी मागते, दुसऱ्यात प्रसारक स्वतःसाठी मागतो.

आपल्याकडे दुसऱ्या प्रकारास फारसा वाव मिळाला नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत केंद्र उघडणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती; प्रत्येक रेडिओधारकाकडून सरकार घेत असलेल्या वार्षिक १० रुपयांच्या परवाना शुल्कातील मोठा हिस्सा तिला मिळे, परंतु परवानेच इतके थोडे निघाले की १९३० साली तिचे दिवाळे वाजले आणि तो व्याप सरकारने ताब्यात घेतला. पुढे टपाल कचेरीत जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरणे गावोगावच्या रेडिओधारकांच्या अंगवळणी पडले, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्यावर साबणाच्या किमतीतूनही श्रोता प्रसारणाचा खर्च देऊ लागला. मात्र स्वखुशीने काही द्या, असे त्यास कोणी विनविले नव्हते. ती विनवणी प्रथम ऐकू आली ती परक्याच्या दुःखासाठी.

आणि येथेच सावध राहावयास हवे. आवाहनाच्या कार्यक्रमास प्रेक्षक अधिक मिळाले, तर त्याच्या मध्यंतरी दाखविल्या जाणाऱ्या जाहिरातींचे मोलही वाढते. म्हणजे मदत विद्यार्थ्यास पोहोचली तरी लाभाचा एक अंश वाहिनीकडे राहतो. यात गैर काही नाही, परंतु त्यामुळे हिशेबाचे बंधन अधिक दृढ होते. हिंगोलीतील एखाद्या गल्लीतील गणेश मंडळास वर्गणी गोळा करावयाची असली तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क अन्वये धर्मादाय कचेरीची परवानगी घ्यावी लागते, पावतीपुस्तके ठेवावी लागतात आणि उत्सवानंतर जमाखर्च सादर करावा लागतो. दहा-वीस रुपये देणाऱ्या माणसास जो हक्क आपण या रीतीने मान्य केला आहे, तो लक्षावधी घरांत पोहोचणाऱ्या वाहिनीच्या दात्यास नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

रक्कम थेट ज्याची त्याच्या नावे जावी, ही ‘झी २४ तास’ची पद्धत मला या दृष्टीने फार मोलाची वाटते. गणेशोत्सवात दहा सेवाभावी संस्थांचा परिचय करून देणारा ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रमही २०११ पासून याच मार्गाने चालला आहे: धनादेश संस्थेच्या नावाचा, वृत्तपत्राकडे केवळ संकलन. देणाऱ्याने एवढे मात्र जाणावे की, आयकर कायद्याखालील दानाची सवलत मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या दानास मिळते, एखाद्या मुलास वैयक्तिक दिलेल्या मदतीस नाही. आणि ही गोष्ट वाहिनीनेही पडद्यावर स्पष्ट सांगावी.

याहून नाजूक बाब त्या मुलाच्या प्रतिष्ठेची. अमेरिकी विनोदी नट जेरी लुईस यांनी स्नायूंच्या विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णांसाठी १९६६ पासून २०१० पर्यंत दरवर्षी टेलिथॉन केले आणि अपार निधी उभारला; तरीही ज्यांच्यासाठी तो उभारला त्यांच्यापैकीच काहींनी ‘जेरीज ऑर्फन्स’ या नावाने एकत्र येऊन, आम्हांस दयेचा विषय करू नका, असा जाहीर निषेध केला. कॅमेऱ्यापुढे आईचे अश्रू टिपण्याची घाई करणाऱ्या प्रत्येक वार्ताहराने हा निषेध ध्यानी ठेवावा, अशी माझी तळमळीची विनंती आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीस आपल्या गळक्या छपराचे चित्र गावभर दिसावे असे वाटते काय, हे तिला आधी विचारावे; तिने नकार दिला तर तिचे गुण आणि तिचा अभ्यासक्रम एवढ्यावरच आवाहन करावे. आणि पुढील वर्षी नव्या निकालांच्या वेळी, मागील वर्षी किती धनादेश आले, किती मुलांचे शिक्षण त्यांवर चालू राहिले आणि कोणाचे मध्येच थांबले, हा ताळेबंद तितक्याच ठळकपणे, तितक्याच वेळा दाखवावा.