क्वीन्सची सरमिसळ कुणी घडवली?

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात २०२०च्या जनगणनेनुसार चोवीस लाख माणसं राहतात आणि त्यांतली जवळपास निम्मी परदेशात जन्मलेली आहेत. जॅक्सन हाइट्समधल्या रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर सात नंबरची गाडी डोक्यावरून खडखडत जाते. खाली मोमोंच्या गाड्या, कोलंबियन बेकऱ्या आणि वळणावर साड्या-दागिन्यांची दुकानं. अमेरिका मोठ्या मनाची, असं कुणालाही वाटावं. पण बागांभोवती बांधलेल्या इथल्या देखण्या इमारती शंभरेक वर्षांपूर्वी नव्या होत्या, तेव्हा त्यांत ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना थारा नव्हता. १९२४च्या कायद्यानं आशियाई लोकांना तर देशाचंच दार बंद केलं होतं. ते खऱ्या अर्थानं उघडलं १९६५मध्ये. अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यानं देशनिहाय कोटे रद्द करून नातेसंबंध आणि कौशल्य हे निकष आणले. तीन वर्षांनी घर विकताना वा भाड्यानं देताना वंशभेद करणंही बेकायदा ठरलं. आधी डॉक्टर-इंजिनिअर आले, मागोमाग त्यांची भावंडं. १९७७पर्यंत फ्लशिंगमध्ये गणपतीचं देऊळही उभं राहिलं. मनं बदलण्याची वाट पाहिली असती, तर हे घडायला किती पिढ्या लागल्या असत्या कोण जाणे!

यावर आक्षेप असा, की ही माणसं शेजारी राहतात, पण मिसळत नाहीत. रॉबर्ट पुटनम या राज्यशास्त्रज्ञानं २००७मध्ये मांडलं होतं, की सरमिसळीच्या वस्त्यांत लोकांचा एकमेकांवरचा विश्वास निदान सुरुवातीला घटतो. आक्षेपात तथ्य आहे. सेंट अल्बन्ससारख्या भागांत आजही मुख्यतः कृष्णवर्णीयच राहतात. मात्र शहर चालायला सगळ्यांची घट्ट मैत्री लागत नाही, सोयी सामाईक असल्या तरी पुष्कळ. क्वीन्सच्या मतदाराला मतपत्रिका इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि बंगालीतही मिळते, तीही मतदानहक्क कायद्यामुळे. शेजाऱ्याशी बोलणं नसलं तरी मत देता येतं.

मला खरी भीती वाटते ती घरभाड्याची. परवडणारी घरं कमी, म्हणून नव्यानं आलेली कुटुंबं बेकायदा तळघरांत राहतात. सप्टेंबर २०२१मध्ये आयडा वादळाच्या पावसानं अशी तळघरं भरली आणि क्वीन्समध्ये माणसं घरातच बुडून मेली. देशात येण्याचा हक्क त्यांना १९६५च्या कायद्यानं दिला होता. जमिनीच्या वर राहण्याची सोय मात्र शहरानं केली नव्हती.